तीनदा विचारायचं असतं

माझ्या थोरल्या बहिणीला साऱ्या गावात कुणी कधी ताट चाटूनपुसून जेवताना पाहिलेलं नाही. ती चार घास ठेवूनच उठायची. कुणाच्या घरी गेली आणि त्यांनी जेवायला विचारलं, की आधी "झालंय माझं" म्हणणार, मग सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नसला तरी. आम्ही जावा बेटाच्या मधल्या भागातली माणसं सगळी अशीच, पण यू जरा जास्तच. यू म्हणजे थोरली बहीण. तिचं नाव पार्जियेम, पण नावाने हाक मारायची माझी काय टाप होती!

कुतोआर्जो शहराच्या दक्षिणेला आमचं गाव. तिथे यूने चाळीस वर्षं तेंपे केलं. सोयाबीन भिजवायचं, पायांनी तुडवून सालं काढायची, उकडायचं, खमीर लावून केळीच्या पानात बांधायचं आणि दोन दिवसांनी वड्या धरल्या की टोपली पाठीला बांधून बाजार गाठायचा. त्या तेंप्यावर तिचा एकुलता एक त्रियोनो शिकला, जकार्ताला गेला, कुठल्याशा गोदामात साहेब झाला, सुमात्राकडची बायको केली, घर बांधलं. बाप वारला तेव्हा तीन दिवस येऊन गेला. त्यानंतर ईदला येईन म्हणायचा आणि ईद आली की गोदामात काम निघायचं.

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी यू विहिरीपाशी पडली. सकाळी पडली ती दुपारपर्यंत तशीच चिखलात. शेजारचा सुपार्दी गवत कापायला आला म्हणून दिसली, नाहीतर तिथेच आटोपलं असतं. हाड मोडलं नाही, पण गुडघा कामातून गेला. पायांनी सोयाबीन तुडवायचं तर गुडघा नको का? धंदा बंद पडला. मी दोन गावं पलीकडे जावयाच्या घरात राहते, म्हणजे मीही पाहुणीच. दर आठवड्याला जाऊन बघून येत होते, एवढंच माझ्या हातात होतं.

मग त्रियोनोने सात दिवसांसाठी बोलावलं. "बू, जकार्ता बघायला या, बुलिकनाही आणा." बू म्हणजे आई, आणि बुलिक म्हणजे मावशी, अर्थात मी. तिकिटं त्यानेच पाठवली, जायची आणि यायची.

जाताना गाडीत यूने पिशवीतून केळी काढली, तेव्हा तळाशी मला तपकिरी बाटिकची घडी दिसली. मी ती ओळखली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या आपल्या मयतावर घालायचं वस्त्र स्वतःच निवडून जपून ठेवतात. सात दिवसांच्या सहलीला हे कुणी नेतं का?

"यू, हे काय?" मी म्हटलं.

"असू दे. त्रियोनोने राहा म्हटलं तर मी राहीन," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "परत त्या विहिरीपाशी नको जायला, ती." ती म्हणजे मी, सार्ती. मला तशी हाक मारायला आता कुणी उरलेलं नाही.

पोचलो त्याच संध्याकाळी जेवताना यूने मुद्दाम सांगितलं, "कोंबड्या सुपार्दीला देऊन टाकल्या. नऊच्या नऊ. आता मागे काही व्याप नाही."

"बरं केलंत, बू," त्रियोनो म्हणाला आणि भाताला हात घातला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

सहा दिवस तो कामावरून दिवेलागणीला यायचा, दमलेला. यू रोज अंघोळ करून, केस बांधून ओट्यावर बसायची. तो यायचा, तिच्या हाताला कपाळ लावायचा, "बऱ्या आहात ना?" विचारायचा आणि टीव्हीसमोर आडवा व्हायचा. घरात मागे एक खोली होती, त्यात इस्त्रीचं टेबल आणि रिकामी खोकी. यू येता-जाता त्या खोलीत डोकावायची. एकदा तर मी तिला ती खोली पावलांनी मोजताना पकडली. 

सातव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, त्याने रजा घेतली. "आज तुम्हाला सगळं जकार्ता दाखवतो, बू. खायचं, प्यायचं, फिरायचं, आणि पावणेपाचची गाडी." यूने ठेवणीतला केबाया, म्हणजे आमचा लांब बाह्यांचा अंगरखा, काढला, इस्त्रीने कडक केलेला. मला म्हणाली, "आज विचारेल बघ. घाईगर्दीत असलं कुणी विचारत नाही. म्हणून रजा काढलीय त्याने."

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा नाक्यावरच्या हातगाडीवर कोंबडीची पेज खायला थांबलो. त्रियोनो गाडी लावायला गेला होता. त्याची बायको मस्दा, मोठ्या आवाजाची, मोठ्या हाडाची, पोटात एक आणि ओठांवर दुसरं असं तिला जमतच नाही. तिने विचारलं, "बू, पेज घेणार?"

"नको गं, झालंय माझं," यू म्हणाली. काय झालं होतं तिचं? पहाटेपासून आम्ही दोघींनी नुसता चहा घेतला होता.

"बरं," म्हणून मस्दाने दोनच वाट्या मागवल्या, एक तिची, एक माझी. माझं मी आधीच पटकन "हो" म्हटलं होतं. बारा वर्षं जकार्तात लोकांच्या घरी स्वयंपाक केलाय मी, इथे नको म्हटलं की खरंच मिळत नाही हे मला पोटाने शिकवलंय.

त्रियोनो आला आणि बघतो तर आई रिकाम्या टेबलासमोर हात जुळवून बसलेली. तो बायकोवर उखडलाच. "अगं, आईला उपाशी बसवलंस?"

"त्याच नको म्हणाल्या!"

"मस्दा, किती वर्षं झाली आपल्या लग्नाला? आमच्यात तीनदा विचारायचं असतं. पहिल्यांदा नकोच म्हणतात. दुसऱ्यांदाही म्हणतात. तिसऱ्यांदा घेतात."

"म्हणजे दोनदा खोटं बोलायचं?"

"खोटं नाही ते. रीत आहे. समोरचा मनापासून विचारतोय की तोंडदेखलं, हे कळायला नको?"

"आमच्याकडे एकदा विचारलं की मनापासूनच असतं," मस्दा म्हणाली आणि मग यूकडे वळून एका दमात, "बू, घ्या, घ्या, घ्या! झालं तीनदा?"

पेजवालासुद्धा हसला. यू तोंडावर हात ठेवून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्रियोनोने स्वतः वाटी आणली, रीतसर तीनदा विचारलं, वर तळलेला कांदा जास्तीचा घातला. यूने पेज खाल्ली आणि शेवटचे दोन चमचे नेहमीसारखे ठेवले. मला वाटलं, पोरगं आपलं ते आपलंच.

मग त्या उंच मनोऱ्यावर गेलो, ज्याच्या टोकाला सोन्याची ज्योत आहे. लिफ्टच्या रांगेत तास गेला. यूचा गुडघा ठणकत होता, पण तोंडातून ब्र नाही. वरून सगळं शहर राखाडी दिसत होतं, छपरं आणि छपरं. यूने जाळीला नाक लावलं.

"ले, तुझं घर कुठल्या अंगाला?" लेकराला आमच्यात ले म्हणतात, तो साहेब झाला तरी ले.

त्रियोनोने फोनमधून मान वर न करता हात केला, "तिकडे." यू त्या बाजूला खूप वेळ बघत राहिली. पाच मिनिटांनी मस्दाने विचारलं तेव्हा त्याने दुसरीकडेच हात केला. यूने ते पाहिलं नाही असं दाखवलं. मी मात्र पाहिलं.

खाली एक म्हातारा निखाऱ्यांवर अंड्याची पोळी करत होता, तांदूळ, अंडं, खोबरं, सुकी कोलंबी. कढई उलटी करून निखाऱ्यावर धरतात आणि ती पोळी पडत नाही. यूला त्याचं भारी कौतुक. "कोंबडीचं अंडं की बदकाचं?" म्हाताऱ्याने विचारलं. यू म्हणाली, "नको हो, पोट भरलंय." म्हातारा जकार्ताचाच, आमच्याकडचा नव्हे, पण त्याला बरोबर माहीत होतं. त्याने निखाऱ्यांना वारा घालता घालता आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा यू म्हणाली, "बरं, कोंबडीचं. पण लहान करा." म्हणजे रस्त्यावरच्या त्या परक्या माणसालाही रीत ठाऊक होती.

दुपारच्या नमाजाला मोठ्या मशिदीत गेलो. बायकांच्या बाजूला गार फरशीवर आम्ही दोघीच मागे बसलो होतो, यूला गुडघ्यामुळे उठायला वेळ लागायचा म्हणून. तिने दुआला हात पसरले ते बराच वेळ खाली घेतले नाहीत. काय मागितलं ते मला विचारायची गरज नव्हती.

मग ती माझ्याकडे सरकली, तरुण पोरीसारखी कुजबुजली, "ती, मी ठरवून ठेवलंय. त्याने विचारलं की पहिल्यांदा म्हणेन, कोंबड्यांचं कोण बघणार?"

"अगं पण कोंबड्या तर देऊन टाकल्यास!"

"म्हणायला काहीतरी हवंच ना. लगेच कशी हो म्हणू? हावरट दिसेन. दुसऱ्यांदा म्हणेन, तुमच्या घरात अडचण होईल. आणि तिसऱ्यांदा विचारलं की..." ती थांबली. "तिसऱ्यांदा मी गप्प बसेन. गप्प बसलं की हो असतं, त्याला कळेल."

"आणि तिसऱ्यांदा नाही विचारलं तर?"

ती हसली. "पेजेला तीनदा विचारतो तो. आईला नाही विचारणार?"

 मी तिला हाताला धरून उठवलं.

जेवायला त्याने चांगल्या ठिकाणी नेलं. दुधाच्या रश्श्यातलं मटण, नळीची हाडं, वर लिंबू. यू नको म्हणे, तो पुन्हा विचारे. यू पुन्हा नको म्हणे, तो तिसऱ्यांदा विचारून स्वतःच्या वाटीतली नळी तिच्या वाटीत टाके. भाताला तीनदा, तळलेल्या आतड्याला तीनदा, लोणच्यालासुद्धा तीनदा. मग बर्फाचं गोड सरबत, त्यालाही तीनदा. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "नशीबवान आहात, आजी. असा मुलगा आजकाल कुठे मिळतो?" यूचं तोंड उजळलं. मस्दा मध्येच म्हणाली, "मलाही कुणी तीनदा विचारा की! मी पहिल्यालाच हो म्हणते, म्हणून माझी किंमत नाही होय?" सगळे हसलो. एवढं हसणं आमच्या वाट्याला किती दिवसांनी आलं होतं.

त्रियोनोने घड्याळ बघितलं. "निघूया. सेनेन स्टेशनला गर्दी असते."

गाडीत तो काही बोलला नाही. यू मागच्या सीटवर माझ्या शेजारी. तिने माझं मनगट धरलं होतं आणि प्रत्येक सिग्नलला तिची पकड घट्ट व्हायची. सिग्नलला गाडी थांबली की विचारेल, असं तिला वाटत असणार. मी मोजले, सात सिग्नल होते.

सेनेन स्टेशनात पोचवायला आलेल्या माणसांना आत सोडत नाहीत. तिकीट आणि ओळखपत्र दाखवायच्या फाटकापर्यंतच. आमच्या पुढे रांग, मागे रांग, खोकी, पोरं, कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या डोक्यावर गादी. त्रियोनोने पिशव्या हातात दिल्या, रात्रीच्या जेवणाचे पुठ्ठ्याचे दोन डबे दिले. यूच्या हाताला कपाळ लावलं. मग सरळ उभा राहिला आणि म्हणाला,

"बू, हवं तर राहा ना इथेच, आमच्याकडे."

म्हणाला! सात दिवसांनी का होईना, म्हणाला.  यूने मान खाली घातली. तिच्या तोंडावर जे आलं ना, ते मी तिच्या लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. ती हळूच म्हणाली,

"नको रे, ले. कोंबड्यांचं कोण बघणार?"

आणि वाट बघत उभी राहिली.

त्रियोनोने घड्याळ बघितलं. "हो, तेही खरंच," तो म्हणाला. "कोंबड्या आहेत."

मस्दा भडकलीच. "कुठल्या कोंबड्या? त्या तर देऊन टाकल्या ना शेजाऱ्याला? पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी! बू, राहा हो तुम्ही. मागची खोली आहे, मी परवाच गादी बघून ठेवलीय. बू, राहा, रा..."

त्रियोनोने तिचं कोपर धरलं. आवाज चढवला नाही, आमच्यात चढवत नाहीत. "मस्दा. त्या नको म्हणाल्यात ना? मोठ्या माणसांना भरीस घालू नये. बरं दिसत नाही ते."

सकाळी पेजेच्या वाटीसाठी बायकोला शिकवणी देणारा हाच. रीत त्याला माहीत नव्हती असं कुणी मला सांगू नये. जकार्तात राहून विसरला, असंही नको सांगायला. त्याला रीत पाठ होती, म्हणूनच त्याने एकदाच विचारलं. विचारलं असंही झालं आणि आईनेच नको म्हटलं असंही झालं. दार लावून घेतलं आणि कडी आईच्या हातून घालून घेतली!

मस्दा त्याच्याकडे बघत राहिली. 

आणि मी? माझ्या जिभेच्या टोकावर होतं सगळं. अरे मेल्या, तुझ्या आईने मयताचं वस्त्र आणलंय पिशवीत, ती राहायलाच आली होती! पण यूने माझं मनगट दाबलं, नखं रुतेपर्यंत. बोललीस तर मी भीक मागितल्यासारखं होईल, असं ते दाबणं होतं. मी मूग गिळून उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "आजी, सरका पुढे." आम्ही सरकलो.

गाडी सुटली तशी ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "मागे रांग होती ना. तो तरी काय करणार?" थोड्या वेळाने, "फोनवर विचारेल." बेकासी स्टेशन मागे पडल्यावर तिने डबा उघडला, भात, कोंबडी, सांबलची तिखट चटणी. आणि जेवली. एकही शीत ठेवलं नाही. हाडं चोखली, डब्याला लागलेलं सांबल बोटाने पुसून चाटलं, मग डब्याची घडी करून सीटखाली सारली. साठ वर्षांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून आवरलं.

फोन आला, पण विचारायला नाही. पोचलात का एवढंच.

दुसऱ्या दिवशी सुपार्दी कुंपणापाशी आला. "परत आलात, यू? मग कोंबड्या घेऊन जा तुमच्या."

"नको, असू देत. दिल्या त्या दिल्या."

"अहो न्या. माझ्याकडे जागा कुठंय?"

"नको रे, तुला अंडी होतील."

"यू, मी उद्या पहाटे आणून सोडतो," सुपार्दी म्हणाला. यू गप्प बसली. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ कोंबड्या अंगणात होत्या. ज्याचं नातं नाही, गोतं नाही, त्याला गप्प बसण्याचा अर्थ कळला.

माझंही सांगून टाकते. त्रियोनोला शिव्या घालायला मी पुढे, पण परत आल्यावर त्याच आठवड्यात मीही यूला म्हटलं होतं, "माझ्याकडे ये राहायला." ती म्हणाली, "जावयाच्या घरी? नको गं." आणि मी पुन्हा विचारलं नाही. जावई काय म्हणेल या भीतीने मला त्या "नको"मुळे हायसं वाटलं होतं. ते मला रोज खातंय.

यू त्यानंतर चौदा महिने जगली. विहिरीपाशी नाही, अंथरुणातच गेली, एकटी. सुपार्दीनेच पाहिलं, कोंबड्या सकाळी ओरडत होत्या म्हणून. तपकिरी वस्त्र पिशवीतच होतं, ती पिशवी तिने कधी रिकामी केलीच नव्हती. आम्ही ते तिच्यावर घातलं.

त्रियोनो दफनाला पोचला नाही, सातव्या दिवसाच्या जेवणाला मस्दाला घेऊन आला. रात्रभर गाडी चालवून आला होता, डोळे लाल, तोंड सुकलेलं. गावातली माणसं दुआ करून, जेवून, भाताच्या करंड्या घेऊन गेली. मग आम्ही घरचेच स्वयंपाकघरात चटईवर बसलो. मी वाढत होते. मस्दाने ताट सरळ पुढे केलं, "बुलिक, मला वाढा, पोटात कावळे ओरडतायत." मी तिला भरभरून वाढलं, कोंबडीचा पाय दिला, वर आणखी रस्सा घातला.

मग त्रियोनोसमोर आले. भाताची परात माझ्या कमरेवर होती, वाफ निघत होती. तो परातीकडे बघत होता.

"भात वाढू, ले?"

"नको, बुलिक," तो म्हणाला. "झालंय माझं."

आणि ताटावर हात न ठेवता, मान खाली घालून वाट बघत बसला.

"बरं," मी म्हटलं, आणि परात उचलून पुढे गेले.